चाकाला लागलेला वारा

गोळेवाडीच्या अलीकडे एका टपरीशी सायकल टेकवून चहा घेत उभं राहिलं, की कोणीतरी येऊन ती उचलून बघतंच. विचारत वगैरे नाही. आधी अख्ख्या हाताने, मग दोन बोटांनी. अंदाजापेक्षा हलकी निघाली की उचलणाऱ्याचा तोल किंचित मागे जातो आणि तो हसतो. मग प्रश्न ठरलेल्या क्रमाने येतात: गिअर किती, मडगार्ड का नाही, आणि केवढ्याची. तिसऱ्या प्रश्नाला मी खोटं उत्तर देतो. रस्त्यावर सायकल मारणारे बहुतेक सगळेच देतात. किंमत निम्म्यावर आणून सांगितली तरी समोरचा म्हणतो, "मग गाडीच घ्यायची ना!" गाडी म्हणजे अर्थातच मोटारसायकल.

मध्यंतरी एका म्हाताऱ्या बाबांनी मात्र सायकल उचलली नाही. ते शेजारी उकिडवे बसले आणि पुढच्या चाकाच्या काळ्या, रुंद रिमवर त्यांनी बोटाच्या पेराने ठोकलं.

"पोकळ हाय जणू."

"हो बाबा. कार्बनची आहे."

"म्हंजी फायबर."

"फायबरच."

त्यांनी दुसऱ्या जागी पुन्हा ठोकलं आणि कान जवळ नेला. "खड्ड्यात ऱ्हाईल का पन?"

सायकलच्या दुकानांत तासन्‌तास चालणाऱ्या चर्चांत हा प्रश्न इतक्या सरळ कोणी विचारताना मी ऐकलेला नाही. युरोपपुरतं त्याचं उत्तर 2010 साली मिळालं, असं म्हणता येईल. पॅरिस-रूबे ही शर्यत फ्रान्सच्या उत्तरेत दगडी फरसबंदीच्या शेतरस्त्यांवरून जाते. कार्बनची चाकं तिथं टिकायची नाहीत, या समजुतीने कसलेले सायकलपटूही त्या एका दिवसापुरती जुनी ॲल्युमिनियमची चाकं बाहेर काढत. त्या वर्षी फाबियान कान्चेलाराने कार्बनच्या चाकांवर ती शर्यत जिंकली आणि ती समजूत मागे पडली. पण रूबेचे दगड निदान दिसतात तरी. आपला खड्डा पाण्याने काठोकाठ भरून, वर आभाळाचं प्रतिबिंब घेऊन बसलेला असतो. बाबांना मी म्हटलं, "राहतं बहुतेक." त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

बाबांनी चाक डोळ्यांऐवजी कानाने तपासलं, हे मात्र मला फार आवडलं. कारण या चाकांबद्दल मला जे काही सांगता येईल, ते बहुतेक सगळं कानाचं आणि हाताचं आहे. घड्याळाचा वाटा त्यात थोडा.

सायकलबरोबर आलेली मूळची चाकं ॲल्युमिनियमची, बुटक्या रिमची. जोडीचं वजन दोन किलोच्या जरा अलीकडे. नवी जोडी तिच्यापेक्षा सुमारे साडेचारशे ग्रॅमने हलकी, आणि रिम 50 मिलिमीटर खोल. पहिल्यांदा ती लावून निघालो ती वेळ पहाटेची. एनडीएकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिवे अजून चालू होते आणि दुधाच्या गाड्या सोडल्या तर कोणी नव्हतं. वेग तिशीच्या पुढे सरकला आणि खालून एक आवाज यायला लागला. रिकाम्या रांजणात तोंड घालून कोणी सावकाश हुंकार भरावा, तसा. आधी वाटलं मागून मोटार येतेय. मान वळवून पाहिलं तर रस्ता मोकळा. पाय थांबवले की हुंकार तसाच राही आणि त्याच्यावर फ्रीहबची चर्रर्र चढे. पुन्हा पाय मारले की चर्रर्र गायब, खालचा सूर जागेवर.

हा सूर कुठून येतो हे नंतर समजलं. रिमच्या भिंती पातळ आणि आत पोकळी. डांबराच्या खडीची जी बारीक थरथर टायरमधून वर येते, ती त्या पोकळीत घुमते. गुळगुळीत डांबरावर आवाज खाली बसतो, जाड खडीच्या रस्त्यावर वर चढतो, सिमेंटच्या रस्त्यावर सांध्यासांध्याला टप टप ताल धरतो. गावाच्या वेशीशी पांढऱ्या रम्बलरच्या पट्ट्या येतात तेव्हा तर चाकं अक्षरशः बोंब मारतात. काही आठवड्यांत मला डोळे न लावता ओळखता येऊ लागलं, की ठेकेदार इथं बदलला, इथं पाइपलाइनसाठी खणून वरवर बुजवलंय, इथं निवडणूक झाली असावी. पूर्वीच्या चाकांनाही हे सगळं लागतच असणार. ती सांगत नव्हती.

आणि हा आवाज खोटंही बोलतो. हुंकार वाढला की आपण सुसाट निघालो असं वाटतं, छाती जरा पुढे येते. खाली नजर टाकावी तर यंत्र 31 दाखवतंय. कालच्या चाकांवर याच वळणावर हाच आकडा होता. आकडा बघून हिरमुसायला हवं, पण तसं होत नाही. पाय आवाजाचं ऐकतात. पुढचा चढ येईपर्यंत वेग खरोखरच थोडा वाढलेला असतो, आणि तो चाकाने वाढवला की चाकाच्या आवाजाने, हे सोडवत बसण्यात अर्थ नाही. कंपन्यांच्या जाहिरातींत वाऱ्याच्या बोगद्यातले आलेख असतात. हुंकाराचा आलेख कोणी छापत नाही, आणि मला वाटतं विकला जातो तो हुंकारच.

लहानपणी आम्हाला सायकल तासावर मिळायची. कोपऱ्यावरच्या दुकानात रजिस्टरमध्ये नाव, वेळ आणि सायकलचा नंबर लिहून घ्यायचे, आणि मग नळीखालून पाय घालून हाफ पेडल मारत आम्ही गल्ली पालथी घालायचो. त्या दुकानदारांच्या हातातलं सगळ्यात पाहण्यासारखं काम म्हणजे चाकाचा आऊट काढणं. सायकल उलटी करायची, चाक फिरवायचं आणि काट्याला टेकवून खडूचा तुकडा रिमजवळ धरायचा. रिम जिथं बाहेर आली असेल तिथं पांढरी रेघ उमटे. मग त्या जागच्या तारा चावीने पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. काम संपत आलं की ते नखाने एकेक तार छेडत चाकाभोवती फिरत. एखादी बद्द वाजली की पुन्हा चावी. तोंडात विडी असल्यामुळे हे सगळं न बोलता चाले.

तेव्हा मनात कधी आलं नाही, की एवढ्याशा तारांवर माणूस, त्याच्या कॅरिअरवर बायको आणि नळीवर पोर बसतं कसं. बैलगाडीच्या चाकात भार खालच्या आऱ्यावर येतो. तो दाबला जातो आणि दाब सोसायला जाड लाकूड लागतं. सायकलची तार दाबली तर लगेच वाकेल. म्हणून ती आधीच जबर ताणून ठेवलेली असते. आपण बसतो तेव्हा खालच्या चार-सहा तारांचा ताण थोडा कमी होतो, एवढंच. बाकीचं चाक जसंच्या तसं. पॅरिसच्या यूजीन मेयेरने 1869 च्या सुमारास ताणलेल्या तारांचं असं चाक केलं. कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने 1874 मध्ये तारा मध्यातून सरळ न काढता तिरप्या, एकमेकींना छेदून नेल्या. दीडशे वर्षं झाली, चाक मुळात तेच आहे. आमच्या भाड्याच्या सायकलींना पुढे 32 आणि मागे 40 तारा असत. माझ्या काळ्या चाकांना पुढे 20 आणि मागे 24, त्याही चपट्या, म्हणजे वाऱ्याला धार लागावी. प्रत्येकीवर शंभर किलोच्या आसपास ताण. नखाने छेडल्या तर फार वरचा, कोरडा सूर देतात. घरी कोणी नसताना मी छेडतो.

चाकाकडे एकटक बघत बसण्याची सवय वाईट, कारण त्यातून भलतंसलतं सुचत जातं. सायकल ताशी 35 किलोमीटरने चालली असेल तर चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो आणि माथ्यावरचा बिंदू 70 च्या वेगाने पुढे धावत असतो. एकाच चाकाच्या अंगावर शून्यापासून दुपटीपर्यंतचे सगळे वेग एका वेळी नांदतात. व्हॉल्व्हवर दिवा लावून अंधारात सायकल सोडली तर तो दिवा कमानीमागून कमान काढत जाईल: जमिनीशी क्षणभर टोकदार थांबा, मग वर झेप, पुन्हा थांबा. या वक्राला सायक्लॉइड म्हणतात. 1658 साली दातदुखीने झोप उडालेल्या पास्कालने मन गुंतवायला म्हणून याच वक्राचं गणित हाती घेतलं आणि दुखणं थांबलं, अशी गोष्ट सांगितली जाते. खोल रिमला व्हॉल्व्हही लांबलचक लागतो आणि तो रिमच्या भोकात सैल असला तर दर फेऱ्याला टिक वाजतो. त्या टिकटिकीने माझं डोकं उठलं होतं. शेवटी इलेक्ट्रिशियनच्या काळ्या टेपचा बोटभर तुकडा लावला. पास्कालला टेप मिळाली असती तर गणिताचं नुकसान झालं असतं.

तर मुद्दा माथ्याचा. तिथं तारा दुप्पट वेगाने हवा कापतात, म्हणून तारा कमी आणि चपट्या, रिम खोल आणि गोलसर. सपाटीवर तिशीच्या पुढे गेलं की आपली बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यातच जाते. पण त्या हवेत सगळ्यात मोठा अडसर आपण स्वतः असतो: पोट, खांदे, फडफडणारा शर्ट. चाकांचा हिस्सा लहान. सामान किती आणि माणूस किती, याचा मला आवडणारा हिशेब एका तासाच्या विक्रमाचा आहे. 1972 साली एडी मर्क्सने मेक्सिको सिटीत, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून अधिक उंचीवरच्या विरळ हवेत, तासाभरात 49.431 किलोमीटर कापले. 1984 च्या जानेवारीत त्याच शहरात फ्रांचेस्को मोझेरने तारांऐवजी भरीव चकत्यांची चाकं लावली आणि 51 किलोमीटर ओलांडले. 1996 मध्ये क्रिस बोर्डमनने मँचेस्टरच्या बंदिस्त ट्रॅकवर, दोन्ही हात पुढे ताणलेल्या अजब बैठकीत, 56.375 किलोमीटर केले. मग सायकलिंगच्या जागतिक संघटनेने ठरवलं की पुरे झालं. मर्क्सच्या काळातली साधी सायकल, तारांची चाकं आणि वाकडं हँडल घेऊन या. 2000 साली बोर्डमन तसा उतरला आणि त्याने 49.441 किलोमीटर केले. मर्क्सपेक्षा दहा मीटर जास्त. अठ्ठावीस वर्षांत माणूस दहा मीटर पुढे सरकला. हे वाचल्यावर मी चाकं विकायला काढली नाहीत, हेही खरं.

चढावर तर हवाही आडवी येत नाही. सिंहगडच्या घाटात वेग दहा-बाराच्या वर जात नाही आणि तिथं मोजमाप निव्वळ वजनाचं. मी आणि सायकल मिळून 82 किलो. साडेचारशे ग्रॅम कमी झाले म्हणजे जेमतेम अर्धा टक्का. पाऊण तासाच्या चढात अर्ध्या टक्क्याने पंधरा सेकंद वाचतात, वर मडक्यातलं दही देणाऱ्या मावशी सुट्टे शोधायला लावतात त्याच्या निम्मे. रिमचं वजन दुप्पट धरावं असं जाणकार सांगतात. ते वेग घेताना खरं, कारण रिमला पुढेही न्यायचं असतं आणि फिरवायचंही असतं. एकसारख्या संथ चढावर ग्रॅम तो ग्रॅम. तरीही वळणावर उठून उभं राहून चार पेडल मारले की सायकल पायाखालून उडी घेते. ती उडी मला जाणवते आणि मी शपथेवर सांगू शकत नाही. पूर्वी मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सगळ्यांत आधी चढून जाणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणत. लोखंडी नळ्यांच्या सायकलींवर खोपोलीपासून वर जाणाऱ्या त्या मंडळींना पंधरा सेकंदांचा हा हिशेब सांगितला असता, तर त्यांनी काय म्हटलं असतं याची मला कल्पना आहे. ते इथं छापता येणार नाही.

एक गोष्ट मात्र लोक कार्बनच्या खात्यावर जमा करतात ती मला मुळीच मान्य नाही: रस्ता मऊ झाला. नवी चाकं घेणारा बहुतेक वेळा नवी टायरंही घेतो. जुन्या चाकांवर 23 मिलिमीटरचं टायर असतं, शंभरच्या वर पीएसआय हवा भरून दगड केलेलं. नव्यावर 28 चं, बिनट्यूबचं, साठ-पासष्टवर. मऊपणा येतो तो त्या हवेतून. डनलॉपने 1888 साली बेलफास्टमध्ये पोराच्या तीनचाकीला रबरी नळी बांधून हवा भरली, त्याच्यापुढे रिमवाल्यांची मजल अजून गेलेली नाही. मी दोन्ही जोड्यांना एकच टायर, एकच हवा ठेवून नऱ्ह्यापासून शिरवळपर्यंत चालवून पाहिलं. कुल्ल्यांना फरक कळला नाही. तळहातांना कळला: जुन्या चाकांवरून येणारा बारीक झणझणाट नव्यांवर कमी होता, आणि मोठा धक्का मात्र थेट, न वाकता, वर येत होता. काही लिहिणारे याचंच वर्णन 'जिवंत' आणि 'मेलेलं' अशा शब्दांत करतात. मला तो फक्त हाताच्या त्वचेचा मामला वाटतो.

बाकी राहिला वारा, आणि तिथं ही चाकं खरोखर वेगळी आहेत.

साताऱ्यातून बोगद्याकडून निघून सज्जनगडाचा फाटा मागे टाकला, की रस्ता ठोसेघरकडे चढतो आणि पुढे चाळकेवाडीच्या पठारावर येतो. तिथं पवनचक्क्या आहेत. ज्या जागी वारा विकत घेण्याइतका भरवशाचा वाहतो, तिथं खोल रिम घेऊन जाणं हा एक प्रकारचा आगाऊपणाच. पठारावर पाय टाकताच पुढचं चाक आपल्याला न विचारता डावीकडे बघायला लागलं. मागच्या चाकावर वारा आदळला तर सायकल थोडी सरकते, बास. पुढचं चाक काट्यात फिरतं, म्हणून त्याच्यावर आदळलेला वारा हँडलपर्यंत पोचतो आणि सायकलची दिशाच बदलू पाहतो. हात आपोआप आवळतात. आवळले की आणखी बिघडतं, कारण मग प्रत्येक झोताला आपण उत्तर देतो, आणि ते उत्तर नेहमी जरा उशिरा आणि जरा जास्त असतं.

शहाणपण हातांना हळूहळू येतं. कोपर मोकळे सोडायचे, बोटं हँडलवर नुसती ठेवायची, वजन खाली पेडलांवर. मग चाक वाऱ्यात किंचित झुकतं आणि स्वतःच सावरतं. सलग वाऱ्याशी असं जमवून घेता येतं. सायकल एका अंगाला कललेली ठेवून मैलभर सरळ जाता येतं. बिकट असतो तो तुटक वारा. डोंगराचा आडोसा संपून खिंड सुरू होते तिथं. झाडांच्या रांगेत एक झाड तोडलेलं असतं तिथं. शेताच्या कडेला नवं गोदाम उभं राहिलंय, त्याच्या टोकाशी. आणि समोरून एसटी येते तेव्हा. बसचं नाक शेजारी आलं की हवा ढकलते आणि शेपूट निघून जाताना आत ओढते. दोन्ही मिळून एक सेकंदही लागत नाही. खंबाटकीच्या घाटात ट्रक सावकाश चढतात म्हणून ते सोसतं. घाट उतरून वाईकडे वळेपर्यंतचा सपाटीवरचा पट्टा मला नको वाटतो.

पण याच हातांनी मला वाऱ्याचा नकाशा दिला. पूर्वी माझ्यासाठी वारे दोन होते: समोरचा आणि मागचा, शिवी देण्याजोगा आणि विसरण्याजोगा. आता बाजूचे वारे कळतात. खडकवासल्याच्या पाण्यावरून येणारा झोत किती रुंद आहे, तो कुठल्या वडापाशी सुरू होतो आणि कुठं मोडतो, हे चाक दर वेळी सांगतं. पसरणीच्या घाटात सकाळी नऊच्या आत वारा झोपलेला असतो आणि कृष्णेचं खोरं तापलं की तो खालून वर चढायला लागतो. तिसऱ्या-चौथ्या वळणावर तो एका मनगटातून दुसऱ्या मनगटात जातो. कधी कधी, अगदी क्वचित, वारा तिरका अशा बेताने लागतो की चाक ढकललं न जाता पुढे ओढलं जातं. शिडाच्या होडीला वाऱ्याच्या तोंडाकडे तिरपं जाता येतं, त्यामागचं कारणच इथं लागू पडतं, आणि वाऱ्याच्या बोगद्यातल्या चाचण्यांतही खोल रिमचा हा गुण दिसतो. रस्त्यावर तो दहा-वीस सेकंद टिकतो. हुंकार एकदम पातळ होतो, साखळीवरचा ताण सैलावतो, आपण काहीच केलेलं नसतं. मग रस्ता वळतो.

उताराबद्दल थोडक्यात. कार्बनची रिम आणि तिच्यावरच दाबणारे ब्रेकचे गुटके, ही जोडी घाटात मला कधी रुचली नाही. लांब उतारावर रिम तापते, आतली राळ मऊ पडू शकते, पावसात ब्रेक आधी लागतच नाहीत आणि मग एकदम लागतात. सोबतच्या एकाची तशी चाकं होती. पाचगणीहून खाली उतरताना त्याच्या मागे जळक्या वासाची शेपटी असायची. 2018 पासून रोड शर्यतींत डिस्क ब्रेकना कायमची परवानगी मिळाली आणि रिमचं ते काम सुटलं. आता ती नुसती फिरते.

ही रिम बनते ती बघितली तर ती यंत्राची वस्तू वाटत नाही. काळे धागे, राळेत भिजलेल्या पट्ट्या, त्या विशिष्ट कोनात कापून साच्यात एकावर एक बसवायच्या, मग उष्णता आणि दाब. पट्ट्या बसवणारे हात माणसांचेच असतात, बहुधा चीनमधल्या शियामेनच्या एखाद्या कारखान्यातले. धागा म्हणजे मुळात हवा लागू न देता भाजलेला तंतू. एडिसनने 1880 च्या सुमारास दिव्याच्या तारेसाठी असाच बांबूचा तंतू भाजून कोळसा केला होता, आणि सर्वांत टिकाऊ ठरला तो जपानी बांबू. त्याला उजेड हवा होता. आज त्या काळ्या धाग्याचे कृत्रिम वंशज दाबून आम्ही पंधरा सेकंद शोधतो.

लोखंडी रिमला घाव बसला की पोचा दिसतो. हातोडी घेऊन, शिव्या देऊन तो काढता येतो, आणि अगदीच गेली तर भंगारवाला किलोवर नेतो आणि ती कुठंतरी पुन्हा सळई होते. कार्बनचा घाव आत राहतो. वर रंगावर ओरखडाही नसेल आणि आतला थर सुटलेला असेल. म्हणून मोठा दणका बसला की आमचा मेकॅनिक खिशातून दोन रुपयांचं नाणं काढतो आणि रिमभर ठोकत जातो. टक, टक, टक, टक. सगळीकडे सूर एक असला तर ठीक. कुठं बद्द वाजलं तर रिम बाद, आणि बाद रिमचं पुढे काय करायचं याचं उत्तर त्याच्याकडे नाही. त्याच्या दुकानाच्या माळ्यावर अशा तीन काळ्या रिम्स टांगलेल्या आहेत. भंगारवाल्याने त्या हातात घेतल्या, हलक्या लागल्या म्हणून परत ठेवल्या.

आमच्यात सध्या वाद आहे तो पुढच्या चाकाचा. सोबत येणारी एक मैत्रीण पन्नास किलोच्या आतली आहे. तिचं म्हणणं, मागे 50 ची रिम खुशाल ठेवा, पुढे 35 चीच हवी. "वाऱ्याशी वाद घालायला माझ्याकडे वजन नाही," असं ती म्हणते. मी म्हणतो 50 मध्ये हाताला जे कळतं ते 35 मध्ये कळणार नाही. ती म्हणते, हाताला कळण्यासाठी खड्ड्यात जायची गरज नसते. आता जून येईल, वारा पश्चिमेकडे फिरेल आणि पावसाबरोबर झोतही येतील, म्हणून निकाल त्याआधी लागायला हवा. ठरलंय असं, की येत्या रविवारी साताऱ्याच्या बोगद्यापासून निघायचं, ठोसेघरला थांबून पुढची चाकं बदलायची आणि पठारावरून परत यायचं. चाक काढून घालायला पाना आणि पाच मिनिटं पुरतात. चक्क्या फिरत असल्या तर ठीक. नसल्या तर पुढच्या रविवारी पुन्हा जावं लागेल, आणि तिची त्यालाही तयारी आहे.